रविवारचा नाश्ता आदल्या रात्री करून ठेवला तर तो शिळा होतो का?

तुम्ही विचारलंय की रविवारी घरात बारा-चौदा माणसं असतात, तर अंडी-ब्रेडचा कॅसेरोल रात्रीच थर लावून ठेवावा का, आणि सासूबाई म्हणतात तसं ते शिळं खायला घालणं होईल का. पहिल्या प्रश्नाला चार ओळी पुरतात. दुसऱ्यासाठी मी लिहायला बसले आहे.

कॅसेरोल करा. माझी मुलगी पुण्यात करते, मी खाल्लाय, चांगला लागतो. आठ जणांना एक मोठा ब्रेड, दहा अंडी, अर्धा लिटर दूध, उकडलेले बटाटे, परतलेला कांदा आणि ढोबळी मिरची, वरून चीज. रात्री झाकून फ्रीजमध्ये, सकाळी ओव्हनमध्ये 180 अंशांवर पाऊण तास. ब्रेड आदल्या दिवसाचा घ्या, अगदी ताज्याचा लगदा होतो. चौदा जणांना दोन भांडी लावा.

आता शिळं.

माझं सासर कोल्हापूरच्या शिवाजी पेठेत. माघात जोतिबाचे पाच खेटे असतात, म्हणजे पाच रविवार डोंगरावर चालत दर्शनाला जायचं. आमच्या घरची माणसं पहाटे तीनला अनवाणी निघायची. पंचगंगा ओलांडून वडणगे, कुशिरे, गायमुख, मग डोंगर. 17-18 किलोमीटर होतात. दर्शन घेऊन दहा-साडेदहाला जीपमधनं परत, बरोबर वाटेत भेटलेले दोन-तीन पाहुणे. दारात पाय धुतले की पानावर मिसळ पाहिजे. खेट्याच्या रविवारी आमच्यात अंडं घरात येत नाही, त्यामुळं तुमचा कॅसेरोल तिथं चाललाच नसता.

ती मिसळ करायला घरी कोण थांबायचं? धाकटी सून. मिसळीचा तिखट रस्सा म्हणजे कट, आणि त्याबद्दल थोरल्या जाऊबाईंचा नियम होता, "कट सकाळचाच पायजे. देवासनं आलेल्या माणसाला रातचं शिळं घालत न्हाईत." असं करत आठ वर्षं गेली. लग्नाआधी माहेरासनं मी दरवर्षी चालत जायची, आणि सासरी आल्यावर आठ वर्षांत एक खेटा चालले नाही.

नवव्या वर्षी मी कुणाला न विचारता ठरवलं. शुक्रवारी सकाळी पाऊण किलो मटकी भिजत घातली, रात्री फडक्यात बांधली. माघात थंडी असते, मोड लवकर येत नाहीत, म्हणून गाठोडं डब्यात घालून डबा घोंगड्यात गुंडाळला. शनिवारी दुपारपर्यंत बोटाच्या पेराएवढे मोड. संध्याकाळी कांदा तेलावर काळपट होईपर्यंत परतला, सुकं खोबरं, तीळ, धने, खसखस भाजली, आलं-लसूण-कोथिंबीर घालून पाट्यावर वाटलं. दीड वाटी तेलात ते वाटण तेल सुटेपर्यंत हलवत बसले. त्यात घरची कांदा-लसूण चटणी, पाच-सहा मोठे चमचे. मग चार लिटर कढत पाणी. मटकी हळद-मीठ घालून वेगळी शिजवली, कटात घातली नाही. कटाचं पातेलं पाण्याच्या परातीत ठेवून गार केलं, तीन डब्यांत भरून फ्रीजमध्ये ठेवलं.

पहाटे तीनला सगळ्यांच्या आधी मी चप्पल काढून दारात उभी होते. जाऊबाईंनी विचारलं, "आणि न्याहारीचं?" म्हटलं, "होईल."

त्या दिवशी कुशिऱ्याच्या पुढं उजाडलं. गुलालानं लाल झालेला डोंगर मी नऊ वर्षांनी चालत जाऊन बघितला.

घरी आल्यावर वीस मिनिटांत पानं मांडली. कट खळखळून उकळला, वर लाल तवंग आला, खाली मटकी, वर शेव-चिवडा, कांदा, लिंबू, बाजूला स्लाइसचा पाव. आबांनी, म्हणजे सासऱ्यांनी, तीनदा कट घेतला. तेवढ्यात जाऊबाई म्हणाल्या, "एवढ्यात कट कसा केलास गं?" मी खरं सांगितलं. त्यांनी ताट सरकवलं. "शिळं घातलंस आमाला. माझ्या वेळंला मी बारा वर्सं चुलीफुडं बसलो, तवा कुणी फ्रीज आणला न्हवता." पाहुणे खाली मान घालून बसले. आबा एवढंच म्हणाले, "वाढ गं, कट संपत आलाय." जाऊबाई त्या दिवशी दुधात पाव बुडवून उठल्या.

त्यांची बारा वर्षं मला मान्य आहेत, त्यात खोटं काही नाही. पण त्या बारा वर्षांची भरपाई माझ्या नवव्या वर्षातनं का करायची, हे तेव्हाही कळलं नाही आणि आजही कळत नाही. आणि शिळं म्हणायचं कशाला? चटणी आपण एप्रिलात डंकावर कांडून आणतो, पुढच्या माघापर्यंत खातो. आंबिलीचं पीठ रात्रभर ताकात राहिल्याशिवाय तिला चव येत नाही. दही रात्रीच विरजतो. यांना कुणी शिळं म्हणत नाही. मिरचीचा रंग आणि मसाल्याचा वास तेलात उतरतो, त्याला वेळ लागतो. म्हणूनच सकाळी केलेला कट संध्याकाळी जास्त चांगला लागतो, हे कोल्हापुरात कुणालाही विचारा. मुरलेलं आणि शिळं यांत फरक आहे, आणि तो फरक स्वयंपाक करणाऱ्या बाईला बरोबर कळतो. तुमच्या सासूबाईंनाही कळत असणार. त्यांना शिळ्याचा त्रास आहे की सून सकाळी मोकळी बसलेली दिसते त्याचा, हे एकदा समोर बसून विचारा. मी ते तोंडावर कधी विचारलं नाही, त्याची रुखरुख आहे.

मात्र रात्री केलेलं सगळंच मुरत नाही, हेही सांगायला हवं. ओल्या खोबऱ्याचं वाटण असेल तर कट रात्री करू नका, आंबतो. गरम पातेलं ओट्यावर तसंच सोडून झोपायचं नाही, दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये गेलं पाहिजे. सकाळी नुसतं कोमट करून भागत नाही, मधोमध उकळी फुटली पाहिजे. बटाट्याची भाजी घालत असाल तर बटाटे रात्री सालासकट उकडून फ्रीजमध्ये ठेवा, फोडणी सकाळी द्या. तुमच्या कॅसेरोलमध्ये कच्ची अंडी आणि दूध आहे, त्यामुळं रात्री चार-पाच तास वीज गेली तर ते टाकून द्या, जीव तुटला तरी. काचेचं भांडं फ्रीजमधनं काढून थेट तापल्या ओव्हनमध्ये घालू नका, तडकतं, वीस मिनिटं बाहेर राहू द्या.

आणि वरून घालायचा कांदा तेवढा सकाळीच चिरा. रात्री चिरलेल्या कांद्याला वास येतो. त्या बाबतीत जाऊबाईंचंच बरोबर होतं.