आकड्याआधी व्याख्या कशासाठी?

प्रश्न : मी एका खासगी आस्थापनेत पगारपत्रके तयार करतो. कामगार कायद्यांवर सभागृहात होणारी चर्चा मी शक्य तेव्हा ऐकतो. पण सदस्यांचा बराचसा वेळ ‘वेतन म्हणजे काय’ आणि ‘कामगार कोणाला म्हणावे’ यावरच खर्च होतो. किमान वेतनाचा आणि कामाच्या तासांचा आकडा ठरवून विषय संपवला, तर त्यात कामगाराचे अधिक हित नाही का?

उत्तर : आपली तळमळ रास्त आहे, पण आपले म्हणणे मला पटत नाही. कायद्यात आकडा घालणे सोपे असते. तो कामगाराच्या हाती पडेपर्यंत शाबूत राहतो की नाही, हे त्याच्या आजूबाजूच्या शब्दांवर ठरते.

ब्रिटिश संसदेने हा धडा फार महागात घेतला. 1833 च्या कारखाना कायद्याने बहुतेक कापडगिरण्यांत 9 वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास बंदी केली. आकडा स्पष्ट होता, परंतु इंग्लंडमध्ये जन्माची सरकारी नोंद 1837 मध्ये सुरू झाली, त्यामुळे समोर उभे असलेले मूल 9 वर्षांचे आहे की 7, हे सांगणारा कागदच नव्हता. मुलाची अंगकाठी त्या वयाला शोभेशी आहे, असे डॉक्टरने लिहून दिले की काम भागत असे. पुढे एका दंतवैद्याने दातांवरून वय ओळखण्याची पद्धत पुस्तिकेच्या रूपाने संसद सदस्यांपुढे ठेवली. कोणते दुधाचे दात पडले आणि कोणते पक्के दात आले, हे पाहून मुलाचे वय ठरवावे, असे तिचे म्हणणे होते. याच कायद्याने 4 निरीक्षक नेमले, आणि मला तर त्याचे खरे मोल या नेमणुकीतच दिसते, कारण त्याआधीच्या कायद्यांत तपासणीचे काम कोणा पगारी, स्वतंत्र अधिकाऱ्याकडे नव्हते आणि ते बव्हंशी कागदावरच राहिले होते.

तासांचेही तेच झाले. 1847 च्या कायद्याने गिरण्यांतील स्त्रिया आणि 13 ते 18 वयाची मुले यांच्यासाठी दिवसाला 10 तासांची मर्यादा घातली. मात्र हे 10 तास घड्याळाच्या कोणत्या दोन ठोक्यांमध्ये बसवायचे, हे पुरेसे बांधले गेले नाही. काही मालकांनी कामगारांना आलटून पालटून कामावर घेण्याची पद्धत काढली. थोडा वेळ काम, मग सुट्टी, मग पुन्हा काम, अशा रीतीने बाई जवळजवळ दिवसभर गिरणीतच अडकून पडे, आणि तिचे 10 तास भरले की 12, हे निरीक्षकाला सिद्ध करता येत नसे. 1850 मध्ये न्यायालयानेही ही पद्धत कायद्यात बसते, असा निर्णय दिला. त्याच वर्षी संसदेने सकाळी 6 ते संध्याकाळी 6, किंवा 7 ते 7, एवढ्याच वेळात काम आणि त्यात दीड तास जेवणाची सुट्टी, असे ठरवले. हिशेब केलात तर दिवसाचे साडेदहा तास होतात, म्हणजे कामगारांचा अर्धा तास गेला. तो गमावल्याची चीड अनेकांना होती. तरीही काम सुटण्याची वेळ पहिल्यांदाच सर्वांना दिसेल अशी ठरली, हे लहान यश नव्हे.

आपल्याकडे किमान वेतनाचे विधेयक डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी मजूर खात्याचे सदस्य असताना 1946 मध्ये मांडले आणि 1948 मध्ये त्याचा कायदा झाला. तो लागू होता फक्त अनुसूचीत नोंदलेल्या रोजगारांना. ज्याचा धंदा यादीत नाही, त्याच्यासाठी किमान वेतनाचा आकडा असून नसल्यासारखाच होता. जुने कामगार कायदे एकत्र करणाऱ्या चार संहितांपैकी पहिल्या, 2019 च्या वेतन संहितेने ही यादीची अट काढून टाकली.

आता आपल्या टेबलावरचे पगारपत्रकच घ्या. समजा, 100 भागांपैकी मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून 30 भाग आहेत, आणि घरभाडे, प्रवास वगैरे भत्त्यांचे 70. ग्रॅच्युइटी वेतनावर मोजली जाते. त्यामुळे ‘वेतन’ या शब्दात 30 भागच धरले, तर वर्षानुवर्षे राबलेल्या माणसाची निवृत्तीची रक्कम तेवढ्यावरच अडते. नव्या संहितेत वेतनाच्या व्याख्येतून वगळलेले भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाले, तर वरचा भाग वेतनातच धरायचा आहे. येथे 20 भाग परत येऊन वेतन 50 होते. हा फरक एका व्याख्येने केला आहे. म्हणून एखादा सदस्य त्या व्याख्येतील ‘वगळून’ या शब्दावर अर्धा तास बोलतो, तेव्हा तो आपल्याच ताळेबंदाविषयी बोलत असतो, असे मानून ऐकावे.

प्रश्न : विधेयक मंजूर झाल्याच्या बातम्या येतात, पण लाभ वर्षानुवर्षे दिसत नाही. असे का होते?

उत्तर : मंजुरी आणि अंमल या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत. वेतन संहिता संसदेत ऑगस्ट 2019 मध्ये मंजूर झाली, उरलेल्या तीन संहिता सप्टेंबर 2020 मध्ये. चारही प्रत्यक्षात लागू झाल्या 21 नोव्हेंबर 2025 रोजी. कामगार हा विषय समवर्ती सूचीत असल्याने केंद्राबरोबर राज्यांनाही नियम करावे लागतात, आणि विलंबाचा मोठा भाग तेथे साचतो. विधेयकाच्या पहिल्याच कलमात ‘शासन अधिसूचनेद्वारे ठरवील त्या तारखेपासून’ असे शब्द असतात. चर्चा ऐकताना त्या जागी ठरावीक मुदत घालण्याची दुरुस्ती कोणी सुचवली आणि तिच्या बाजूने किती हात वर झाले, याची नोंद आपण जरूर ठेवावी.