कंपन्यांचा नफा दरवर्षी वाढतो, मग कामगाराचा पगार तिथेच का अडकतो? हे ग्लोबलायझेशनमुळे का?

तुम्ही लिहिलंय की डिप्लोमा करून चाकणला ट्रेनी म्हणून लागलात, पेपरात कंपनीचा नफा वाचता आणि मग स्वतःची स्लिप बघता. ग्लोबलायझेशनचा हात आहेच. पण सगळं बिल चीन-व्हिएतनामच्या नावावर फाडू नका, यात आम्ही परमनंटवाले पण आहोत. माझी तर सहीच आहे.

2017 ला मी युनियनच्या कमिटीत होतो. कंपनीचं नाव सांगत नाही, गाड्यांचे पार्ट बनवते एवढं पुरे. आधीचा करार संपून अकरा महिने झाले होते. बोलणीला बसलो की मॅनेजमेंट एक स्लाइड लावायची, थायलंडच्या प्लांटमध्ये एक पीस केवढ्याला पडतो आणि आपल्याकडे केवढ्याला. दर मीटिंगला तीच स्लाइड, कोपऱ्यातली तारीखसुद्धा बदलायचे नाहीत. लाइन तिकडे नेऊ असं एकदाही तोंडाने म्हणाले नाहीत, नुसती स्लाइड चालू ठेवून चहा मागवायचे. शेवटी करार झाला, परमनंटला तीन वर्षांत मिळून साडेनऊ हजार वाढ आणि त्या बदल्यात नवीन परमनंट भरती बंद, पुढे येतील ती पोरं ठेकेदाराकडून नाहीतर ट्रेनी. आमच्यातला एकजण म्हणाला, अरे मग आपली पोरं कुठं चिकटणार? आम्ही म्हणलं, बघू पुढच्या कराराला. गेटवर गुलाल उडाला, हार आले, मी पण घालून घेतला.

लाइन काही थायलंडला गेली नाही. जिथे होती तिथेच आहे आणि तेव्हाच्या दुप्पट माल काढते. आमच्या वेळी तिच्यावर बारा परमनंट होते, आता दोन, बाकी सगळी सात-सात महिन्यांसाठी घेतलेली पोरं. 240 दिवस भरले की कायद्याने सलग नोकरी धरली जाते, म्हणून त्याच्या आत ब्रेक, मग तेच पोरगं दुसऱ्या ठेकेदाराच्या नावाने परत त्याच मशीनवर. गेल्या वर्षी रेकॉर्ड सेल झाला म्हणून परमनंटला अर्धा किलो मिठाईचा बॉक्स आणि ठेक्यावाल्यांना कॅन्टीनमध्ये एकेक गुलाबजाम. माझ्या शेजारच्या मशीनवरच्या पोराला मी माझा बॉक्स देत होतो, तर तो घेईना. म्हणाला, काका, गेटवर बॅग चेक करतात, तो माझ्या नावावर नाही.

म्हणजे पगार अडकलाय कुठे ते कळलं ना. परमनंटचा थोडा वाढतो, पण परमनंटच कमी कमी होत जातात. आणि हे मी एकटा नाही म्हणत, केंद्राच्या 2024-25 च्या आर्थिक पाहणीत आहे, 2023-24 मध्ये कंपन्यांचा नफा 22.3 टक्के वाढला आणि नोकऱ्या 1.5 टक्के. सरकारनेच छापलंय, लाल बावट्यावाल्यांनी नाही.

आता माझे साडू. हिंजवडीत आयटी कंपनीत मॅनेजर. बारसं असो, साखरपुडा असो, जिलबी वाढेपर्यंत यांचं सुरू, दादा, पगार मागून वाढत नसतो, स्किल वाढवा. ठीक आहे. त्यांची मुलगी कॉम्प्युटर इंजिनिअर झाली, कॅम्पसमध्ये पॅकेज मिळालं साडेतीन लाख. साडूंनी 2011 ला टीममध्ये फ्रेशर घेतले तेव्हा सव्वातीन द्यायचे, हे त्यांनीच मला कौतुकाने सांगितलेलं. तेवढ्या वर्षांत वाकडचं भाडं कुठून कुठे गेलं बघा. मग पोरीचं स्किल कमी पडलं का? पोरगी गुणी आहे, तिच्यासमोर विचारलं नाही, इथे विचारतो.

हां, सगळेच मालक गब्बर नाहीत हे पण सांगायला हवं. भोसरीत वीस-पंचवीस माणसांची वर्कशॉप आहेत, त्यांना वरची मोठी कंपनी दरवर्षी रेट खाली आणायला लावते आणि पेमेंट लटकवते, कित्येक ठिकाणी मालक स्वतः मशीनवर उभा असतो. त्याच्याकडे पगारवाढ मागून काय मिळणार. नफा वर जाऊन साठतो, खाली रेट कापले जातात.

तुम्ही काय करावं ते राहिलंच. पीएलसी (मशीन चालवणारा छोटा कॉम्प्युटर), रोबोटचं मेंटेनन्स शिकता आलं तर शिका (साडूंना कळवू नका मी असं म्हणलं ते). सीटीसी, म्हणजे कंपनी तुमच्यावरचा एकूण खर्च म्हणून सांगते तो आकडा, ऐकून खूश होऊ नका, हातात किती येतात आणि पीएफ भरला जातो का ते मोबाइलवर दर महिन्याला बघा. युनियनवाला कोणी म्हणाला की तुमचं पुढच्या कराराला बघू, तर तेवढं लिहून मागा. आमचा पुढचा करार लॉकडाऊननंतर झाला, त्यात या पोरांचा विषयसुद्धा निघाला नाही, मी होतो त्या खोलीत. आणि ठेक्यावर टाकलं तर प्रत्येक गेटपासचा फोटो काढून ठेवा, ठेकेदाराचं नाव नीट वाचता येईल असा. त्या गुलाबजामवाल्या पोराकडे चार आहेत, ठेकेदार चार, डिपार्टमेंट एकच.