आक्षीला रविवार बघून नको, तिथी बघून जा

तुमचा प्रश्न असा, की पुण्याहून मध्यरात्री निघून रविवारी आक्षीच्या किनाऱ्यावर पोहोचलात, वाळू-चिखलात चरणारे स्थलांतरित पक्षी होते, पण फोटोत नुसते ठिपके आले. मग भरतीला जावं की ओहोटीला? आणि भिगवण असताना अलिबागपर्यंत जायचंच कशाला?

भिगवणचं आधी उरकतो. ते उजनी धरणाच्या काठावर, आणि ऑक्टोबरात उजनी तुडुंब असते, चिखल उघडा पडलेला नसतो. चिखल्या, तुतवार या चिखलात चरणाऱ्या पक्ष्यांना पाय टेकायला जागाच नाही. तिथे जानेवारीनंतर जा. पुण्याजवळ नदीवरच्या कवडीपाटला शेकाटे, म्हणजे लांब पायांचे पाणपक्षी, आत्ताही दिसतील, नाकाला रुमाल लावायची तयारी असेल तर.

समुद्रावर मात्र भरतीच. ओहोटीला पक्षी पाण्यामागे चरत लांब जातात. भरतीत खायची जागा बुडते, मग सगळे उरलेल्या वाळूवर गोळा होतात. पण वाटेल ती भरती उपयोगाची नाही. कोकणातला हिशोब सोपा आहे : तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ. अष्टमीला सहा, पण तेव्हा भांग, म्हणजे कमजोर भरती, पाणी फारसं चढत नाही. पौर्णिमा-अमावास्येला उधाण, म्हणजे सगळ्यात मोठी भरती, पण भर दुपारी, तापलेल्या वाळूवर दुर्बिणीतून सगळं थरथरतं. पंचमीला पावणेचार, आणि आपला किनारा पश्चिमेकडचा, म्हणजे ऊन थेट डोळ्यांत. राहिली त्रयोदशी-चतुर्दशी : भरती सकाळी पावणेदहा ते साडेदहा, पाणी बऱ्यापैकी वर, सूर्य पाठीशी. पक्ष शुक्ल-कृष्ण कुठलाही चालेल. अर्धा-पाऊण तास मागेपुढे होतो, म्हणून भरतीचं कोष्टक बघून घ्याच. ऑफिसात सुट्टीचं कारण काय सांगायचं ते तुमचं तुम्ही बघा.

पूर्ण भरतीच्या दोन तास आधी पोहोचून एका जागी खाली बसा. पक्ष्यांमागे चालू नका. पाणीच त्यांना तुमच्याकडे सरकवतं. बहुतेक जण एका पायावर, चोच पाठीच्या पिसांत खुपसून झोपतात, मध्येच डोळा किलकिला करून बघतात. लाट जवळ आली तरी दुसरा पाय खाली येत नाही, त्याच एका पायावर टुणटुण उड्या मारत मागे सरतात. नवखे लोक त्यांना लंगडे समजतात.

शरदातली खरी मजा पिसांत आहे. कर्ल्यू सँडपायपर हा बाकदार चोचीचा छोटा किनारपक्षी घ्या. सायबेरियाच्या उत्तर टोकाला अंडी घालणारा हा पक्षी. प्रौढ आधी येतात, काहींच्या पोटावर विणीच्या हंगामातला विटकरी रंग अजून डागाडागांनी उरलेला असतो. यंदाची पिल्लं मागाहून, आईबापांशिवाय येतात. त्यांच्या पाठीवरच्या प्रत्येक पिसाला फिकट कड असते, त्यामुळे पाठ खवल्याखवल्यांची दिसते. एकाच थव्यात दोन्ही शोधा.

थवा उडवून फोटो काढणाऱ्यांशी मी भांडतो. एवढ्या प्रवासानंतर त्यांना चरबी साठवायची असते, प्रत्येक उड्डाणात ती खर्च होते. मान ताठ करून सगळे एका दिशेला बघू लागले, की तिथेच थांबा.

आणि एखाद्याच्या पायात अभ्यासकांनी ओळखीसाठी लावलेली रंगीत पट्टी दिसली तर रंग, वरची कुठली, खालची कुठली, डावा पाय की उजवा, हे तिथल्या तिथे लिहून घ्या. फोटो धूसर आला तरी इथे टाका.