उपवासकाळातली जपमाळ : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमच्या घरी रोज संध्याकाळी रोजरी (माळेच्या मण्यांवर म्हणायची मरियेची प्रार्थना) होते, पण तोंड चालतं आणि मन बाजारात फिरत असतं. उपवासकाळात, म्हणजे ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांत, आणखी एक माळ वाढवावी का?

उत्तर : वाढवू नका, आहे तीच नीट म्हणा. पाच रहस्यं (येशू-मरियेच्या जीवनातले मनन करायचे प्रसंग, प्रत्येकाला दहा मणी) दहा-बारा मिनिटांत आटोपत असतील तर कान देऊन ऐका. प्रार्थना सांगणारा ‘नमो मरिया’चा पूर्वार्ध संपवतो न संपवतो तोच बाकीचे ‘पवित्र मरिये’ सुरू करतात आणि मधलं ‘येशू’ हे नाव गिळलं जातं. पोप जॉन पॉल दुसरे यांनी २००२ च्या जपमाळेवरील पत्रात याच नावाला ‘नमो मरिया’चा गुरुत्वमध्य म्हटलं आहे, आणि घाईत तोच निसटतो असंही बजावलं आहे. तेव्हा पहिला नियम एवढाच : ‘येशू’ पूर्ण ऐकू आल्याशिवाय उत्तरार्ध सुरू करायचा नाही.

दुसरं, रहस्याचं नाव घेऊन लगेच ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’कडे धावू नका. नाव सांगा, शुभवर्तमानातला (बायबलमधल्या येशूचरित्रातला) उतारा वाचा, अर्धा मिनिट गप्प बसा, मग सुरुवात करा. दुःखाच्या रहस्यांसाठी उतारे असे : गेथशेमाने बाग – लूक २२:३९-४६, फटके – योहान १९:१, काट्यांचा मुगुट – मार्क १५:१६-२०, क्रूस वाहणं – लूक २३:२६-३२, क्रुसावरचं मरण – लूक २३:३३-४६. फटक्यांना जेमतेम एक ओळ आहे. ती दोनदा वाचा.

तरीही मन पळत असेल तर एक जुनी रीत आहे. ‘येशू’ नंतर त्या रहस्याचं छोटं वाक्य जोडायचं : ‘ज्याने आमच्यासाठी रक्ताचा घाम गाळला’, ‘ज्याने आमच्यासाठी फटके सोसले’, याप्रमाणे. ते फक्त सांगणाऱ्याने म्हणावं; सगळ्यांनी म्हटलं की गोंधळ होतो. पाचही रहस्यांना रोज हे झेपत नाही. म्हणून उपवासकाळाच्या पहिल्या रविवारपासून आठवड्याला एकच रहस्य असं सावकाश म्हणा, बाकीची नेहमीच्या चालीने. पाच आठवड्यांत पाच रहस्यं होतात, पुढे पवित्र सप्ताह (ईस्टरआधीचा आठवडा) येतोच.

वेळेचं काय? खरा वेळ माळेनंतरच्या शेपटीत जातो : लितानी (मरियेच्या नावांची विनवणी), मृतांसाठी, आजाऱ्यांसाठी, वर एखादं गीत. पोरं पेंगायला लागतात ती तिथे, आणि त्या शेपटीला जागा करायला आपण माळ पळवतो. कापायचंच तर ते कापा.

प्रश्न : चाळीसही दिवस दुःखाचीच रहस्यं म्हणायची का?

उत्तर : सक्ती नाही. पाच-पाच रहस्यांच्या चार गटांचा नेहमीचा क्रम असा : सोमवार-शनिवार आनंदाची, मंगळवार-शुक्रवार दुःखाची, गुरुवार प्रकाशाची, बुधवार-रविवार गौरवाची. उपवासकाळातल्या रविवारी दुःखाची घेण्याची जुनी प्रथा आहे, ती पाळायला हरकत नाही. मात्र प्रकाशाची रहस्यं सोडू नका. तिसऱ्यात देवराज्याची घोषणा आणि पश्चात्तापाची हाक आहे, म्हणजे उपवासकाळाचा गाभाच. चौथं येशूच्या रूपांतराचं (डोंगरावर तो तेजोमय दिसला तो प्रसंग), आणि उपवासकाळाच्या दुसऱ्या रविवारी मिस्सामध्ये (चर्चमधल्या मुख्य उपासनेत) तेच शुभवर्तमान वाचलं जातं. २५ मार्चला मरियेला मिळालेल्या देवदूताच्या निरोपाचा सण येतो, त्या दिवशी आनंदाची घ्यावीत.

प्रश्न : मिस्सामध्ये ‘ग्लोरिया’ बंद असतो, मग रोजरीतलं ‘पित्याला, पुत्राला व पवित्र आत्म्याला गौरव’ गाळायचं का?

उत्तर : नाही. वगळतात ते मिस्साच्या सुरुवातीचं गौरवगीत आणि ‘आलेलुया’. दहा मण्यांनंतरची ही ओळ वेगळी, ती म्हणायचीच.

प्रश्न : विरार लोकलमध्ये तुकड्यातुकड्यांनी म्हटलेली माळ चालते का? आणि मिस्सा सुरू असताना?

उत्तर : लोकलमध्ये जरूर म्हणा. माळ काढायला हात मोकळा नसेल तर बोटांवर मोजा किंवा दहा उंचवट्यांची अंगठी वापरा. सकाळी दोन रहस्यं, परतताना तीन, असंही चालतं. फक्त चर्चने दिलेली पापदंडाची पूर्ण माफी हवी असेल तर पाचही रहस्यं सलग, मोठ्याने आणि मनन करत, चर्चमध्ये किंवा कुटुंबासोबत म्हणावी लागतात. जोडीला धर्मगुरूजवळ पापनिवेदन, कम्युनियन (मिस्सातली पवित्र भाकर घेणं), पोपच्या हेतूंसाठी प्रार्थना आणि कुठल्याही पापाची ओढ नसणं. ही शेवटची अट सर्वांत अवघड, आणि नेमकी तीच लोक वाचत नाहीत.

मिस्सा सुरू असताना मात्र माळ खिशात ठेवा. पोप पॉल सहावे यांनी १९७४ मध्येच मिस्सा चालू असताना रोजरी म्हणणं चूक असल्याचं लिहिलं आहे. मिस्साआधी वीस मिनिटं लवकर या, तेवढ्यात पाचही रहस्यं होतात. शुक्रवारी क्रुसाच्या वाटेआधीही (येशूच्या क्रूसयात्रेच्या चौदा स्थानांवर थांबून केलेली प्रार्थना) हीच वेळ सोयीची. त्या दिवशी क्रूस वाहण्याचं रहस्य थोडक्यात घेतलं तरी चालेल, कारण पुढच्या चौदा स्थानांत ते पुन्हा येणारच आहे.