वाचक विचारतात : गट सोडलेल्या दोघींचा पहिला अल्बम

प्रश्न : माझ्या दोन पुतण्या झाडीपट्टीच्या (पूर्व विदर्भातील) नाटकांत आणि मंडईच्या (गावजत्रेच्या) कार्यक्रमांत चार मुलींच्या गटातून गातात. आता गट सोडून दोघींचाच अल्बम काढण्याचा त्यांचा विचार असून, ‘ऑल सेंट्स’ या गटातून निघालेल्या ॲपलटन बहिणींचा दाखला त्या देतात. त्या बहिणींच्या अल्बमचे पुढे काय झाले? तसेच पहिल्या अल्बमसाठी राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची भजने नव्या चालीत घेता येतील का?
— एक वाचक, ब्रह्मपुरी तालुका, जि. चंद्रपूर

उत्तर : आपल्या पुतण्यांनी दाखला चांगला निवडला आहे, मात्र तो शेवटपर्यंत पाहायला हवा. नताली आणि निकोल ॲपलटन, शाझ्ने लुईस व मेलनी ब्लाट या चौघींचा ‘ऑल सेंट्स’ हा लंडनचा गट. त्यांचे ‘नेव्हर एव्हर’ हे गाणे जानेवारी १९९८ मध्ये आणि ‘प्युअर शोअर्स’ २००० साली ब्रिटनच्या विक्रीयादीत पहिल्या क्रमांकावर पोहोचले. २००१ च्या सुरुवातीला गट फुटला. छायाचित्रणाच्या वेळी एक जाकीट कोणी घालायचे यावरून अखेरची ठिणगी पडली, असे लुईस यांनी नंतर सांगितले आहे. (नाटकाच्या पोस्टरवर कोणाचा फोटो मोठा, यावरून होणारे रुसवेफुगवे आपल्या भागातील वाचकांना नवे नसावेत.)

दोघी बहिणींनी ‘ॲपलटन’ हे आडनावच जोडीचे नाव म्हणून घेतले. सप्टेंबर २००२ मध्ये आलेले ‘फँटसी’ हे पहिले गाणे दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेले, त्यानंतरचे ‘डोंट वरी’ पाचव्या क्रमांकावर थांबले आणि फेब्रुवारी २००३ मध्ये प्रसिद्ध झालेला ‘एव्हरीथिंग्ज इव्हेंच्युअल’ हा अल्बम नवव्या क्रमांकापर्यंत पोहोचला. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात आलेले तिसरे गाणे मात्र अडतिसाव्या क्रमांकाच्या वर गेले नाही. जोडीचा दुसरा अल्बम निघालाच नाही, आणि २००६ साली चौघी पुन्हा एकत्र आल्या.

माझ्या मते, या आकड्यांतला पहिला आकडा फसवा आणि शेवटचा खरा आहे. पहिले गाणे विकत घेणाऱ्यांत जुन्या गटाचेच चाहते पुष्कळ असणार. ती पुण्याई एक-दोन गाण्यांत सरते आणि तिसऱ्या गाण्याला स्वतःच्या पायांवर उभे राहावे लागते. अल्बम वाईट नव्हता. तो गिटारप्रधान होता, जुन्या गटापेक्षा अधिक रांगडा होता, परंतु चौघींच्या मिसळलेल्या आवाजांची ज्यांना सवय होती त्यांच्यासाठी तो वेगळाच पदार्थ ठरला. शिवाय गटाची मुख्य गीतलेखिका लुईस होती आणि ती या जोडीत नव्हती. अर्थात लुईस यांचा २००४ चा स्वतंत्र अल्बमही फारसा चालला नाही, म्हणजे नुसत्या लेखणीवरही निभाव लागला नाही.

म्हणून पुतण्यांना आधी हे विचारावे, की आज गटाची गाणी लिहितो कोण, चाली बांधतो कोण, आणि ती व्यक्ती यांच्याबरोबर येणार आहे का? ती येणार नसेल तर निदान पाच-सहा नवी गाणी हाती आल्याशिवाय गट सोडू नये. वडसा या नाट्यकंपन्यांच्या गावातून ज्या प्रयोगांचे बुकिंग झाले असेल ते हंगाम संपेपर्यंत पूर्ण करावेत. धान निघाल्यावर सुरू झालेल्या हंगामाच्या मध्येच दोघी निघाल्या, तर मागे राहिलेल्या दोघींची मिळकत बुडेल, शिवाय पुढच्या वर्षी कोणतीही कंपनी यांना दारात उभे करताना दहादा विचार करील. गटाचे नाव आणि जुनी गाणी पुढे कोणी वापरायची, हेही चौघींनी कागदावर लिहून घ्यावे.

जुन्या गाण्यांवर पहिला अल्बम उभारण्याचा मार्ग नवा नाही. जपानच्या ‘मॉर्निंग मुसुमे’ या मुलींच्या गटातील नोझोमी त्सुजी आणि आइ कागो यांनी २००४ साली ‘डब्ल्यू’ ही जोडी काढली, तेव्हा त्यांचा पहिला अल्बम पूर्वीच्या जोड्यांची गाजलेली गाणी नव्याने गाऊनच केला होता.

आपल्याकडे मात्र कायदा पाहावा लागतो. भारतात गीताचा कॉपीराइट कवीच्या मृत्यूनंतर, पुढच्या कॅलेंडर वर्षापासून साठ वर्षे राहतो. तुकडोजी महाराजांचे निर्वाण ११ ऑक्टोबर १९६८ रोजी झाले, त्यामुळे त्यांच्या शब्दांवरील हक्क कायद्याच्या हिशेबाने २०२८ अखेरपर्यंत आहे. गुरुदेव सेवा मंडळाच्या प्रार्थनेत खंजिरीवर भजन म्हणणे वेगळे आणि ध्वनिमुद्रण करून ते विकणे वेगळे. पूर्वी ध्वनिमुद्रित झालेले गाणे पाच वर्षांनंतर नव्या आवाजात मुद्रित करण्याची सोय कॉपीराइट कायद्याच्या कलम ३१-सी मध्ये आहे, परंतु तिच्यासाठी आगाऊ सूचना देऊन प्रत्येक गाण्यामागे वर्षाला किमान पन्नास हजार प्रतींची रॉयल्टी भरावी लागते आणि मूळ रचनेत मनाप्रमाणे बदल करता येत नाही. आपल्याला चालच बदलायची असल्याने ही सोय उपयोगाची नाही. हक्कधारकांची लेखी परवानगी घ्यावी, आणि ती हाती येईपर्यंत स्टुडिओला आगाऊ रक्कम देऊ नये.