वाडीशेजारी भाड्याच्या घरांची इमारत होणार असेल, तर हरकत कशावर घ्यावी?

रत्नागिरी तालुक्यातील आपल्या वाडीच्या वर, सड्यावर (जांभ्या खडकाच्या माळावर), केवळ भाड्याने देण्यासाठी चाळीस सदनिकांची इमारत प्रस्तावित आहे, 'बाहेरची माणसे येतील' म्हणून ग्रामस्थ अस्वस्थ आहेत, आणि हरकतीत काय मांडावे, असे आपण विचारले आहे. अशाच एका इमारतीच्या खालच्या अंगाला आमचे घर असल्याने थोडे सविस्तर लिहितो.

भाडेकरू कोण असतील हा मुद्दा अर्जातून पूर्णपणे वगळावा, असे माझे स्पष्ट मत आहे. तो कायद्याने टिकत नाही आणि न्यायालाही धरून नाही. बदली होऊन आलेले शिक्षक, रुग्णालयातील परिचारिका, औद्योगिक वसाहतीतील कामगार यांना आपल्याकडे भाड्याने घर मिळणे किती कठीण आहे, हे आपण सगळे जाणतो. निम्म्या वाडीची घरे चाकरमान्यांची, गणपती आणि शिमग्यापुरती उघडणारी, पण ती भाड्याने द्यायला कोणी धजत नाही. सुरक्षिततेची काळजी असेल, तर महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 च्या कलम 55 नुसार करार लेखी आणि नोंदणीकृत असणे बंधनकारक आहे व ती जबाबदारी घरमालकाची आहे. त्याचे पालन व्हावे आणि भाडेकरूंची माहिती पोलीस ठाण्याला दिली जावी, एवढी मागणी पुरेशी आहे.

खरा प्रश्न पाण्याचा आहे. राष्ट्रीय इमारत संहितेप्रमाणे माणशी दररोज 135 लिटर पाणी धरतात. चाळीस सदनिकांत प्रत्येकी चार माणसे धरली, तर रोजची गरज 21,600 लिटर होते. पावसाळ्यात हा आकडा कोणाला जाणवणार नाही; परंतु एप्रिल-मे महिन्यांत, वाडीतल्या विहिरींचा तळ दिसू लागतो तेव्हा, सड्यावर नवी बोअर मारून हे पाणी उपसले जाणार असेल, तर त्याचा हिशेब विकासकाकडून आधीच लेखी मागितला पाहिजे.

त्याहूनही गंभीर बाब सांडपाण्याची आहे, आणि ती बहुधा कोणाच्या लक्षात येत नाही. या पाण्यापैकी सुमारे ऐंशी टक्के सांडपाणी म्हणून बाहेर पडते. आपला जांभा सच्छिद्र असतो. त्यात खणलेल्या शोषखड्ड्यातले पाणी गाळून निघण्याऐवजी भेगांमधून थेट उताराकडे वाहते. आमच्या वरच्या इमारतीच्या मालकाने सेप्टिक टँकचे पाणी असेच कातळात सोडले आणि दुसऱ्या उन्हाळ्यात आमच्या विहिरीच्या पाण्यावर तवंग दिसू लागला. कळशी घासूनही तिचा चिकटपणा जात नसे. पिण्याच्या पाण्यासाठी आम्ही आजही शेजाऱ्यांच्या विहिरीवर अवलंबून आहोत. म्हणून आपल्या अर्जात सांडपाणी प्रक्रिया यंत्रणेची मागणी सर्वांत वर असावी, आणि खालच्या विहिरींच्या पाण्याची तपासणी बांधकामापूर्वीच करून अहवाल जपून ठेवावा.

पाखाडीवरून (दगडी पायवाटेवरून) अग्निशमन वाहन जाऊ शकत नाही, त्यामुळे पोहोचरस्त्याची रुंदी नकाशावर पाहून घ्यावी. जागा खाडीलगत असल्यास सागरी किनारा नियमन क्षेत्राच्या 2019 च्या अधिसूचनेची मर्यादाही तपासावी.

ग्रामसभेत 'आम्हाला इमारत नको' एवढाच ठराव करून परवानगी अडत नाही. तो निर्णय सक्षम प्राधिकरण एकीकृत विकास नियंत्रण नियमावलीनुसार घेते. त्यामुळे माहिती अधिकार अधिनियम, 2005 खाली प्रस्तावित नकाशा, बिनशेती व बांधकाम परवानगीची कागदपत्रे, पाण्याचा स्रोत आणि सांडपाण्याची योजना यांच्या प्रती मागवाव्यात, आणि त्यांतील उणिवांवर बोट ठेवणारी हरकत नगररचना कार्यालयाकडे पोहोच घेऊन द्यावी. ठराव करायचाच असेल, तर तो या अटींचा करावा.

सड्यावरून उतरणारा पऱ्या (ओढा) त्या जागेतून जात असेल, तर त्याची आजची रुंदी मोजून दोन्ही काठांची छायाचित्रे तारखेसह काढून ठेवावीत. भराव घालून किंवा अरुंद पाइप टाकून पाण्याचा नैसर्गिक प्रवाह अडवला आणि खालच्या शेती-बागायतीचे नुकसान झाले, तर मामलेदार न्यायालय अधिनियम, 1906 च्या कलम 5 खाली तहसीलदारांकडे दाद मागता येते. मात्र ती अडथळा निर्माण झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत मागावी लागते.