दोन सबवूफर, चार कॉइल आणि ॲम्प्लिफायरची निवड

गाडीतला ॲम्प (ॲम्प्लिफायर) मध्येच बंद का पडतो आणि मोठा घ्यावा का, असे तुम्ही विचारले आहे. तपशील पुरेसा दिला आहे, त्यामुळे नेमके उत्तर देता येईल. तुमच्याकडे 12 इंची दोन सबवूफर, म्हणजे फक्त बेस वाजवणारे स्पीकर, आहेत. दोन्ही ड्युअल व्हॉइस कॉइलचे, म्हणजे प्रत्येकात तारेची दोन वेटोळी, प्रत्येक कॉइल 4 ओहमची आणि प्रत्येक सबवूफरची क्षमता 300 वॅट आरएमएस (सतत पेलणारी खरी शक्ती). दुकानदाराने त्यांच्यावर चार चॅनलचा ॲम्प बसवून दिला. त्याच्या खोक्यावर ‘3000 वॅट’ छापले आहे. पुस्तिकेत मात्र 4 ओहमला प्रत्येक चॅनल 75 वॅट आरएमएस आणि ब्रिज जोडणीत (दोन चॅनल एकत्र करून एकच सबवूफर चालवताना) किमान 4 ओहम असे लिहिले आहे. दुपारी होटगी रोडला लागल्यावर दहा-पंधरा मिनिटांत ॲम्पचा लाल दिवा लागतो आणि बेस बंद पडतो. आता तोच दुकानदार याहून मोठा ॲम्प घ्या म्हणतो आहे. माझा सल्ला असा की आधी डिकी उघडून जोडणी बदला आणि ॲम्पचा विचार महिन्याभराने करा.

तुमच्या गाडीत प्रत्येक सबवूफरच्या दोन्ही कॉइल पॅरलल, म्हणजे प्लसला प्लस आणि मायनसला मायनस, जोडल्या आहेत. 4 ओहमच्या दोन कॉइल पॅरलल जोडल्या की 2 ओहम होतात. असा एकेक सबवूफर दोन-दोन चॅनलच्या ब्रिजवर दिला आहे. ब्रिज केल्यावर दोन चॅनल एकच भार निम्मा-निम्मा वाटून घेतात, म्हणजे 2 ओहमचा सबवूफर प्रत्येक चॅनलला 1 ओहमसारखा जाणवतो. पुस्तिकेप्रमाणे या ॲम्पला ब्रिजमध्ये 4 ओहमच्या खाली जायचेच नाही, आणि तो गेले कित्येक आठवडे 2 ओहमवर चालतो आहे. भार जितका कमी ओहमचा, तितका प्रवाह जास्त आणि ॲम्पच्या पोटात उष्णताही जास्त. तो बंद पडतो म्हणजे स्वतःचा जीव वाचवतो आहे.

उपाय फुकटचा आहे. प्रत्येक सबवूफरच्या दोन कॉइल सिरीजमध्ये जोडा: ॲम्पचा प्लस पहिल्या कॉइलच्या प्लसला, पहिल्या कॉइलचा मायनस दुसऱ्या कॉइलच्या प्लसला, आणि दुसऱ्या कॉइलचा मायनस ॲम्पच्या मायनसला. सबवूफर 8 ओहमचा झाला, प्रत्येक चॅनलला 4 ओहम दिसू लागले आणि ॲम्प त्याच्या मर्यादेत आला. प्रत्येक सबवूफरला आता 75 अधिक 75, म्हणजे 150 वॅट खरेखुरे मिळतील. हे क्षमतेच्या निम्मे आहे म्हणून खट्टू होऊ नका. निम्मी शक्ती म्हणजे आवाजात फक्त 3 डेसिबलचा फरक. कानाला दुप्पट मोठा आवाज वाटायला साधारण 10 डेसिबल, म्हणजे दहापट शक्ती लागते. कमी वॅटचा ॲम्प लावला तर सबवूफर जळतो ही समजूत आपल्याकडे फार पसरली आहे. कमी शक्तीने कॉइल जळत नाही. ॲम्पला त्याच्या ताकदीपलीकडे ओढल्यावर लाटेचे माथे कापले जातात आणि सरासरी शक्ती वाढते, त्यामुळे कॉइल तापते.

सिरीज जोडताना एक काळजी घ्या. एक कॉइल उलटी लागली तर दोन्ही एकमेकींच्या विरुद्ध ओढतात, कोन (सबवूफरचा पुढचा पडदा) जागचा हलत नाही आणि सगळी शक्ती उष्णतेत जाते. माझ्या हातून हे एकदा झाले आहे. आवाज का येत नाही म्हणून मी गेन (ॲम्पवरचा पातळी ठरवणारा खटका) वाढवत गेलो, आणि सबवूफरच्या खोक्यातून जळक्या वार्निशचा वास आला तेव्हा लक्षात आले. ती कॉइल गेली ती गेलीच. तेव्हापासून मी ॲम्पला जोडण्याआधी दीड व्होल्टचा पेन्सिल सेल घेऊन एकेका कॉइलला क्षणभर टेकवतो. प्लसला प्लस लागला की कोन बाहेर आला पाहिजे, आणि तोही दोन्ही कॉइलना सारखाच.

खोक्यावरच्या 3000 वॅटबद्दल वाद घालण्यापेक्षा ॲम्पच्या अंगावरचे फ्यूज पाहा. तुम्ही 25 ॲम्पिअरचे दोन फ्यूज लिहिले आहेत. 50 ॲम्पिअर गुणिले 13.8 व्होल्ट म्हणजे बॅटरीकडून जेमतेम 690 वॅट आत जाऊ शकतात. क्लास एबी या जुन्या पद्धतीचा ॲम्प त्यातला 50 ते 60 टक्के भागच सबवूफरपर्यंत पोहोचवतो, बाकीची उष्णता होते. म्हणजे बाहेर 400 वॅटच्या आसपास, त्याहून अधिक नाही. कोणत्याही दुकानात उभ्या उभ्या करता येणारा हा हिशेब आहे, आणि 4 ओहमला 75 वॅट सांगणारी तुमची पुस्तिका या हिशेबाशी जुळते.

एवढे करूनही बेस कमी वाटला, तर मोनोब्लॉक, म्हणजे एकाच चॅनलचा ॲम्प घ्या, क्लास डी या कमी तापणाऱ्या प्रकारचा. तुम्ही ‘2 ओहमला स्थिर’ असा ॲम्प शोधता आहात, पण तुमच्या चार कॉइलमधून समान वाटणीत 2 ओहम निघतच नाहीत. सगळ्या पॅरलल केल्या तर 1 ओहम, सगळ्या सिरीज केल्या तर 16, आणि प्रत्येक सबवूफर सिरीज करून दोघे एकमेकांना पॅरलल दिले तर 4. याखेरीज जे आकडे येतात त्यांत एका कॉइलला जास्त आणि दुसरीला कमी शक्ती जाते, तो मार्ग घेऊ नका. तेव्हा निवड 1 आणि 4 यांच्यातच आहे, आणि सोलापूरच्या गाडीसाठी मी 4 सांगेन. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये बाहेरच पारा 40 च्या वर असतो आणि उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीच्या आत तो त्याहून बराच चढतो. तिथे 4 ओहमवरचा ॲम्प 1 ओहमवरच्या ॲम्पपेक्षा थंड राहतो. मोनोब्लॉकवर मोठ्या अक्षरांत बहुधा 1 ओहमचा आकडा असतो. तुम्ही 4 ओहमची ओळ वाचा आणि तिथे 500 ते 600 वॅट आरएमएस असतील तोच घ्या. हा आकडा 14.4 व्होल्ट आणि 1 टक्का विकृतीपर्यंतचा, म्हणजे सीईए-2006 मानकाप्रमाणे दिला असेल तर तो विश्वासाचा. तुम्ही डिकीत चादरी-टॉवेलची गाठोडी नेता असे लिहिले आहे, म्हणून सांगतो: ॲम्पवर गाठोडे पडले की वारा बंद झाला. ॲम्प सीटच्या पाठीला पट्ट्या लावून उभा बसवा आणि समोर चार बोटे जागा मोकळी ठेवा.

वायरबाबत मात्र तडजोड करू नका. क्लास डीची कार्यक्षमता 80 टक्के धरली तर 600 वॅटसाठी सुमारे 54 ॲम्पिअर ओढले जातील. तुमच्या गाडीत सध्या 8 गेजची, म्हणजे साधारण 8 चौरस मिलिमीटरची वायर आहे. तांब्याची असली तरी 5 मीटरमध्ये अर्धा व्होल्ट तिच्यातच खर्च होईल. किटमधल्या स्वस्त वायरी बऱ्याचदा तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमच्या असतात, त्यांत याहून जास्त. एक तार ब्लेडने खरवडून पाहा. आत चंदेरी दिसली की ती ॲल्युमिनियम. 4 गेजची शुद्ध तांब्याची घ्या, किंवा इलेक्ट्रिकलच्या दुकानातून 25 चौरस मिलिमीटरची तांब्याची वेल्डिंग केबल घ्या. ती लवचिक असते आणि या कामाला मी नेहमी तीच वापरत आलो आहे. इंजिनजवळच्या भागात तिच्यावर उष्णता सोसणारी स्लीव्ह चढवा आणि पत्र्यातून आत घेताना रबरी ग्रोमेट (भोकाच्या कडेला बसणारे कडे) घालायला विसरू नका.

मुख्य फ्यूज बॅटरीपासून 45 सेंटिमीटरच्या आत हवा, कारण तो ॲम्पसाठी नसून वायरसाठी असतो. बॅटरी आणि फ्यूज यांच्या मधली वायर पत्र्याला घासली तर तिला वाचवणारे काहीच नसते. एका परिचिताच्या गाडीत फ्यूज डिकीत लावलेला होता. दरवाजाच्या चौकटीखाली वायर सोलली गेली आणि पायाखालचा गालिचा धुमसू लागला. सुदैवाने गाडी उभी होती आणि बॅटरीची वायर सोडवायला पाना हाताशी होता. या वायरवर 80 ॲम्पिअरचा फ्यूज पुरेल.

अर्थिंगची वायर प्लसइतकीच जाड आणि शक्य तेवढी आखूड ठेवा. पत्र्यावरचा रंग पॉलिश पेपरने चकचकीत पत्रा दिसेपर्यंत घासा, वायरच्या टोकाला लग (धातूचे भोकाचे टोक) क्रिंप करून, म्हणजे दाबून बसवून, बोल्टने आवळा आणि वरून ग्रीस लावा. सीटबेल्टचा बोल्ट यासाठी कधीही वापरू नका.

गेन कानाने लावू नका. सबवूफर सोडवून ठेवा, स्टिरिओचा आवाज तीन चतुर्थांशावर आणि बेस, ट्रेबल शून्यावर ठेवा, 50 हर्ट्झचा टोन लावा आणि ॲम्पच्या आउटपुटवर एसी व्होल्ट मोजा. शक्ती गुणिले ओहम, त्याचे वर्गमूळ, हा तुमचा आकडा. सिरीज जोडणीनंतर आताच्या ॲम्पसाठी 150 गुणिले 8 म्हणजे 1200, वर्गमूळ सुमारे 34.6 व्होल्ट. पुढे 500 वॅटचा मोनोब्लॉक 4 ओहमवर घेतला तर सुमारे 44.7. लो पास (ठरवलेल्या हर्ट्झखालचेच सूर जाऊ देणारा फिल्टर) 80 हर्ट्झवर ठेवून सुरुवात करा.

सिरीज जोडणी झाली की वायर ॲम्पला लावण्याआधी प्रत्येक सबवूफरच्या टोकांवर मल्टीमीटरने ओहम मोजा आणि दोन्ही आकडे कळवा. मीटर नेहमी छापील आकड्यापेक्षा थोडे कमी दाखवतो, त्यामुळे साडेसहा ते सातच्या आसपास यायला हवे. पावणेदोन दिसले तर जोडणी अजून पॅरललच आहे, आणि काहीच दिसले नाही तर एखादी कॉइल आधीच तुटलेली असेल. अशा वेळी ॲम्प सुरू करू नका.